एडिसन, वेस्टिंगहाऊस आणि विजेची खुर्ची : एसी-डीसीच्या भांडणाची खरी गोष्ट

फोन चार्जिंगला लावून हा एपिसोड ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट त्या चार्जरच्या आतच बसलेली आहे. भिंतीवरच्या सॉकेटमधून येते ती एसी वीज. अल्टरनेटिंग करंट. सेकंदाला पन्नास आवर्तनं करत पुढे-मागे हेलकावणारी. आणि फोनच्या बॅटरीला लागतो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. चार्जरचा तो छोटा ठोकळा म्हणजे या दोघांमधला दुभाष्या.

आज हे दोघं इतके गुण्यागोविंदाने नांदतात की आपल्याला पत्ताही नसतो. पण १८८० च्या दशकात अमेरिकेत यांच्यावरून एवढं मोठं भांडण पेटलं होतं की त्यात कुत्री मेली, वासरं मेली, एक घोडा मेला आणि शेवटी एक माणूससुद्धा.

रील्सवर ही गोष्ट तुम्ही पाहिली असेल. तीस सेकंदांची. एडिसन व्हिलन, टेस्ला हीरो, मध्ये एक बिचारा हत्ती. संपलं. पण खरी गोष्ट याहून जास्त गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त अस्वस्थ करणारी. चला, सुरुवातीपासून बघू.

पर्ल स्ट्रीट, १८८२

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या पर्ल स्ट्रीटवर थॉमस अल्वा एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. शंभराहूनही कमी ग्राहक आणि सुमारे ४०० दिवे. त्या ग्राहकांत एक ऑफिस होतं वॉल स्ट्रीटवरच्या जे. पी. मॉर्गन या बँकरचं, ज्याचा पैसा एडिसनच्या कंपनीत लागलेला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एडिसनचं मोठेपण बल्बपुरतं नाही. त्याने आख्खी सिस्टिम उभी केली. जनरेटर, जमिनीखालच्या केबल, फ्यूज, ग्राहकाचा वापर मोजायचा मीटर, सगळं. आजच्या भाषेत सांगायचं तर बाकीचे एकेक फीचर विकत होते, एडिसनने प्लॅटफॉर्म विकला. आणि हा प्लॅटफॉर्म होता डीसीचा, साधारण ११० व्होल्टचा. कमी व्होल्टेज, तारा जमिनीखाली, म्हणून सुरक्षित. हा त्याचा दावा होता आणि तो खोटा नव्हता.

अडचण एकच होती. केंद्रापासून साधारण दीड किलोमीटरच्या पुढे गेलं की दिवे मंद व्हायचे.

तांब्याचं गणित

का? इथे थोडं गणित करू, घाबरू नका, बारावीचंच आहे.

वीज म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. समजा एका गल्लीला ११ किलोवॅट वीज द्यायची आहे. ११० व्होल्टने द्यायची तर १०० अँपिअर करंट लागेल. ११०० व्होल्टने द्यायची तर फक्त १० अँपिअर. आता तारेत जी वीज उष्णता होऊन वाया जाते ती करंटच्या वर्गावर अवलंबून असते. तारेचा रोध ०.१ ओहम धरला, तर पहिल्या केसमध्ये १००० वॅट वाया गेले आणि दुसऱ्या केसमध्ये १० वॅट. करंट दहापट कमी, तोटा शंभरपट कमी.

म्हणजे लांब वीज न्यायची असेल तर दोनच रस्ते. एक तर तार जाडजूड करा, म्हणजे तांब्यात पैसे ओता. नाही तर व्होल्टेज वाढवा. पण ११०० व्होल्ट थेट घरातल्या दिव्याला कसे देणार? घराच्या दारात व्होल्टेज परत उतरवावं लागेल. त्या काळात डीसीचं व्होल्टेज सहज चढवायचं-उतरवायचं साधनच नव्हतं. एसीला मात्र होतं. ट्रान्सफॉर्मर.

त्यात भर म्हणजे १८८७ मध्ये फ्रान्समधल्या एका सिंडिकेटने जगातलं तांबं साठवायला सुरुवात केली आणि भाव भडकले. एडिसनच्या सिस्टिमचा सगळ्यात महागडा भाग नेमका तांबंच होता.

पिट्सबर्गचा ब्रेकवाला

आता एंट्री जॉर्ज वेस्टिंगहाऊसची. पिट्सबर्गचा कारखानदार. विशीत असतानाच त्याने रेल्वेसाठी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक शोधला होता आणि त्यावर मोठा झाला होता. म्हणजे ज्या माणसाला पुढे 'लोकांच्या जिवाशी खेळणारा' म्हटलं गेलं, त्याचा पहिला मोठा शोध अपघात टाळणारा होता.

युरोपात गोलार आणि गिब्ज या जोडीने एसीवर चालणारा ट्रान्सफॉर्मर दाखवला होता. बुडापेस्टच्या गान्झ कंपनीतल्या तिघा इंजिनिअरांनी १८८५ मध्ये तो बराच सुधारला. वेस्टिंगहाऊसने गोलार-गिब्ज यांचे अमेरिकेतले हक्क घेतले आणि विल्यम स्टॅनली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. मार्च १८८६ मध्ये स्टॅनलीने मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावात ५०० व्होल्टने वीज पाठवली, दुकानांच्या तळघरांत ट्रान्सफॉर्मर बसवून ती १०० व्होल्टवर उतरवली आणि मुख्य रस्त्यावरची दुकानं उजळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये वेस्टिंगहाऊसची बफेलो शहरातली व्यावसायिक सिस्टिम सुरू झाली.

पुढचा वेग बघा. १८८७ संपेपर्यंत एडिसनची १२१ डीसी केंद्रं होती, तर कालच्या या पोराची उभारलेली किंवा कंत्राट मिळालेली ६८ एसी केंद्रं. एडिसनने आपल्या सहकाऱ्याला आधीच लिहून ठेवलं होतं की वेस्टिंगहाऊसने मोठी सिस्टिम बसवली की सहा महिन्यांत त्याच्या हातून एखादा ग्राहक मरणार.

आणि टेस्ला? निकोला टेस्ला १८८४ मध्ये न्यूयॉर्कला आला, एडिसनच्या कंपनीत जेमतेम सहा महिने काम केलं आणि बाहेर पडला. मधल्या काळात त्याने खड्डे खणायची मजुरीही केली. मे १८८८ मध्ये त्याच्या एसी मोटरची पेटंट्स मंजूर झाली, त्याच महिन्यात कोलंबिया कॉलेजात त्याचं गाजलेलं व्याख्यान झालं, आणि जुलैमध्ये वेस्टिंगहाऊसने ते हक्क घेतले. पण इथे एक गंमत आहे. वेस्टिंगहाऊसची चालू सिस्टिम सेकंदाला १३३ आवर्तनांची होती आणि टेस्लाची मोटर तिच्यावर नीट चालेना. प्रॉडक्शनमध्ये चाललेली सिस्टिम आणि नवीन मॉड्यूल, जुळतच नाही! म्हणजे भांडण जेव्हा ऐन भरात होतं तेव्हा टेस्लाची मोटर मैदानात नव्हतीच. सामना होता एडिसन विरुद्ध वेस्टिंगहाऊस.

खरी भीती, उसना माणूस

त्या काळच्या न्यूयॉर्कचे फोटो बघा. रस्त्यावर आभाळच दिसत नाही. टेलिग्राफच्या तारा, टेलिफोनच्या तारा, फायर अलार्मच्या तारा, आणि रस्त्यावरच्या आर्क दिव्यांना हजारो व्होल्ट नेणाऱ्या तारा, सगळं एकाच खांबांवर लटकलेलं. कंपन्या बुडायच्या, तारा तशाच लोंबत राहायच्या. मार्च १८८८ च्या प्रचंड हिमवादळात हे जाळं रस्त्यावर कोसळलं. माणसं शॉक लागून मरत होती. भीती खरी होती.

५ जून १८८८ ला एका वर्तमानपत्रात हॅरॉल्ड ब्राऊन नावाच्या इंजिनिअरचं पत्र छापून आलं. एसीमुळे लोक मरतायत, केवळ तांब्याचे पैसे वाचवायला कंपन्या हा धोका लोकांच्या माथी मारतायत, ३०० व्होल्टच्या वरच्या एसीवर बंदी घाला. सूर असा की मी कुणाचा माणूस नाही, मला फक्त जनतेची काळजी.

दोनच दिवसांनी वेस्टिंगहाऊसने एडिसनला समेटाचं पत्र लिहिलं. पिट्सबर्गला या, बोलू. एडिसनने कामाचं कारण सांगून नकार दिला.

आणि ब्राऊनला प्रयोग करायला जागा कुणी दिली? एडिसनने. वेस्ट ऑरेंजच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, मदतीला स्वतःचा माणूस देऊन. भटकी कुत्री विकत आणून त्यांना किती व्होल्टला मरण येतं याच्या नोंदी घेतल्या गेल्या. ३० जुलै १८८८ ला कोलंबिया कॉलेजात जाहीर प्रयोग झाला. एका कुत्र्याला आधी डीसीचे चढत्या व्होल्टेजचे, थेट १००० व्होल्टपर्यंतचे झटके दिले. ते तडफडलं, पण जगलं. मग ३३० व्होल्ट एसी. मेलं. बघणाऱ्यांना ते सहन होईना. आधीच झटक्यांनी अर्धमेल्या झालेल्या जनावरावर एसीची परीक्षा घेणं हा कसला प्रयोग, असा सवाल लगेच उठला. पुढचं कुत्रं आणलं तेव्हा प्राणिरक्षण संस्थेच्या अधिकाऱ्याने कार्यक्रम बंद पाडला.

यावर 'मग माणसाच्या वजनाचा प्राणी मारून दाखवा' असं लोक म्हणाले. डिसेंबरमध्ये वेस्ट ऑरेंजला पत्रकारांसमोर वासरं आणि एक घोडा एसीने मारून दाखवण्यात आले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सारख्याच व्होल्टेजला ५०-६० आवर्तनांचा एसी हृदयाची लय बिघडवायला डीसीपेक्षा जास्त घातक असतो, हे आजचं विज्ञानही मानतं. म्हणजे ब्राऊन साफ खोटं बोलत नव्हता. तो अर्धं खरं बोलत होता. उरलेलं अर्धं असं की एसीचे हजार व्होल्ट घरात येतच नव्हते, ट्रान्सफॉर्मर ते दारातच उतरवत होता. आणि अर्ध्या सत्याची पंचाईत हीच असते, त्याला खोटं म्हणून उडवून लावता येत नाही.

खुर्ची

याच सुमारास न्यूयॉर्क राज्य फाशीऐवजी दुसरी, कमी क्रूर शिक्षा शोधत होतं. बफेलोचे एक डेंटिस्ट, डॉ. आल्फ्रेड साउथविक, यांनी विजेची कल्पना लावून धरली होती. त्यांनी एडिसनला पत्र लिहून मत विचारलं. एडिसनचं पहिलं उत्तर होतं की देहदंडालाच माझा विरोध आहे. साउथविकने पुन्हा लिहिलं. डिसेंबर १८८७ च्या दुसऱ्या उत्तरात एडिसनने सुचवलं, या कामाला सगळ्यात योग्य यंत्रं म्हणजे एसीची, जी अमेरिकेत मुख्यतः वेस्टिंगहाऊस बनवतो.

हे उत्तर दोनदा वाचण्यासारखं आहे. ज्याचा देहदंडाला विरोध आहे तो माणूस मारायच्या यंत्राची शिफारस करतो, आणि शिफारस प्रतिस्पर्ध्याच्या मालाची करतो.

जून १८८८ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८८९ पासून लागू झाला. एसी वापरा अशी शिफारस ज्या समितीने केली, तिचा प्रमुख डॉक्टर ब्राऊनच्या प्रयोगांत मदतनीस होता. वेस्टिंगहाऊस आपली यंत्रं तुरुंगांना विकणं शक्यच नव्हतं. तेव्हा ब्राऊनने ती आडमार्गाने, सेकंडहँड मिळवली. एवढंच नाही, या शिक्षेसाठी इंग्रजीत नवं क्रियापद हवं होतं, तर एडिसनच्या बाजूच्या एका वकिलाने 'वेस्टिंगहाऊस करणे' असं नाव सुचवलं! ब्रँडची बदनामी करायची याहून वाईट आयडिया मला तरी सुचत नाही.

मार्च १८८९ मध्ये बफेलोत विल्यम केमलर या भाजी विकणाऱ्या माणसाने दारूच्या नशेत आपल्या सोबतिणीचा, टिली झिग्लरचा, कुऱ्हाडीने खून केला. त्याला विजेची शिक्षा झाली. आणि अचानक या गरीब माणसाच्या बाजूने देशातला एक नामांकित महागडा वकील उभा राहिला. त्याची फी वेस्टिंगहाऊस देतोय असं सगळे म्हणत होते, वेस्टिंगहाऊस नाकारत होता. वकिलाचा मुद्दा, ही शिक्षा क्रूर आहे. जुलैत एडिसनची साक्ष झाली, एसीने मरण झटपट येईल. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध संशोधकाचा शब्द! अपील फेटाळलं गेलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका वर्तमानपत्राने ब्राऊनच्या टेबलातून चोरलेली पत्रं छापली. त्यावरून दिसलं की 'कुणाचाही माणूस नसलेला' ब्राऊन एडिसनच्या कंपनीच्या आणि थॉमसन-ह्यूस्टन या आणखी एका स्पर्धक कंपनीच्या संगनमताने काम करत होता. केमलरला याचा काही उपयोग झाला नाही. ऑक्टोबरमध्ये मॅनहॅटनमध्ये भर दुपारी, शेकडो लोकांसमोर, खांबावर काम करणारा एक लाइनमन तारांत अडकून जळून मेला आणि शहरभर संताप उसळला. भीती पुन्हा खरी ठरली होती.

६ ऑगस्ट १८९०, ऑबर्न तुरुंग. केमलरला खुर्चीत बसवलं. १७ सेकंद करंट दिला आणि डॉक्टरांनी तो मेल्याचं सांगितलं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याचा श्वास चालू आहे. यंत्राचा दाब पुन्हा चढेपर्यंत सगळे तसेच उभे. मग दुसऱ्यांदा, सुमारे २००० व्होल्ट, एक मिनिटाहून जास्त वेळ. खोलीत जळका वास पसरला. हे काम कुऱ्हाडीने जास्त चांगलं झालं असतं, अशी वेस्टिंगहाऊसची प्रतिक्रिया सांगितली जाते.

केमलर खुनी होता, त्याची कीव करा असं मी म्हणत नाही. पण त्याचं मरण दोन कंपन्यांच्या डेमोचा भाग झालं होतं. आणि त्या खोलीत टिली झिग्लरची आठवण कुणाला होती का, हा प्रश्न मला जास्त छळतो.

निकाल कुठे लागला?

खुर्चीने निकाल लागलाच नाही. लोकांनी एसी घेणं थांबवलं नाही, कारण ती स्वस्त होती आणि लांब जात होती. व्होल्टेजवर कायदेशीर मर्यादा घालण्याचे प्रयत्न झाले, तेही फसले. इकडे एडिसनच्या कंपनीतलेच लोक म्हणत होते, साहेब, आपणही एसी बनवू या. साहेब ऐकेनात.

१८९२ मध्ये मॉर्गनने (आठवतोय ना?) एडिसनची कंपनी आणि थॉमसन-ह्यूस्टन यांचं विलीनीकरण केलं. नव्या कंपनीचं नाव जनरल इलेक्ट्रिक. नावातून 'एडिसन' गायब, आणि कंपनी एसी विकायला मोकळी. म्हणजे एडिसनला वेस्टिंगहाऊसने हरवण्याआधी त्याच्याच गुंतवणूकदारांनी बाजूला केलं.

१८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टला तब्बल १७५ किलोमीटर एसी वीज नेऊन दाखवली गेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचं दिव्यांचं कंत्राट वेस्टिंगहाऊसने स्वस्तात बोली लावून मिळवलं. बल्बचं पेटंट जनरल इलेक्ट्रिककडे होतं, तर त्याने पेटंट टाळून बुचाचा वेगळाच बल्ब बनवला. त्याच वर्षी नायगारा धबधब्याच्या जनरेटरचं कंत्राटही त्याला मिळालं आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज सुमारे ३५ किलोमीटरवरच्या बफेलोला पोहोचली. ती नेणारी लाइन कुणी बांधली? जनरल इलेक्ट्रिकने! त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी आपापली पेटंट्स एकमेकांना वापरू द्यायचा करारही केला. कोर्टकचेऱ्या परवडेनात, एवढंच कारण.

आता तो हत्ती. टॉप्सी नावाच्या हत्तिणीला कोनी आयलंडवर १९०३ मध्ये मारलं गेलं. भांडण संपून दशक उलटलं होतं आणि एडिसन वीज कंपनीतून केव्हाच बाहेर पडला होता. त्याच्या नावाच्या फिल्म कंपनीने ते चित्रित केलं, म्हणून रीलवाल्यांनी ते त्याच्या खात्यावर टाकलं. एडिसनच्या खात्यावर खरे हिशेब पुरेसे आहेत, खोट्याची गरज नाही.

आणि आपली मुंबई

हा वाद आपल्याकडेही पोहोचला, फक्त मारामारी न होता. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटावरून सुमारे ५०० मीटर खाली आणायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. एवढ्या अंतरावर पर्ल स्ट्रीटची डीसी काही कामाची नव्हती, इथे एसीच हवी.

पण १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. कारण तेव्हा डीसी मोटर जोर लावून सुटायला आणि वेग कमी-जास्त करायला सोपी होती. मुंबईची लोकल नव्वदेक वर्षं डीसीवर पळाली. पश्चिम, मध्य आणि शेवटी हार्बर असं करत २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर बदल पूर्ण झाला. खुद्द न्यूयॉर्कमधला जुना डीसी पुरवठा २००७ मध्ये बंद झाला. लेगसी सिस्टिम मरत नाही हो, ती फक्त म्हातारी होते.

आणि ट्विस्ट असा की डीसी परत आली आहे. आज सेमिकंडक्टरच्या जोरावर डीसीचं व्होल्टेजही हवं तसं बदलता येतं. चंद्रपूरची वीज सुमारे ७५० किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला येते, ती ५०० किलोव्होल्टच्या डीसी लाइननेही. सोलर पॅनेल डीसी, ईव्हीची बॅटरी डीसी, हातातला फोन डीसी. १८८८ मध्ये डीसी हरली ती वाईट होती म्हणून नाही, तर तिच्याकडे ट्रान्सफॉर्मर नव्हता म्हणून.

मग या भांडणातून घ्यायचं काय? टेक्नॉलॉजीचा वाद टेक्नॉलॉजीनेच सुटला. तांब्याचं गणित जिंकलं. मधल्या काळातलं सगळं, कुत्री, घोडा, खुर्ची, यांनी निकालात तसूभरही फरक पडला नाही. लाइनमनचा जीव वाचवायचा होता तर तारा जमिनीखाली घालणं, इन्सुलेशन सुधारणं, नियम करणं हा रस्ता होता. सुरक्षितता हा मुद्दा खरा होता, पण तो मांडणाऱ्याला सुरक्षितता नको होती, मार्केट हवं होतं. उद्या एखादी कंपनी तुम्हाला सांगेल की समोरच्याचं प्रॉडक्ट धोकादायक आहे. ते खरंही असू शकतं. फक्त सांगणाऱ्याचा पगार कोण देतं तेवढं विचारा, आणि मग पुरावाही बघा. दोन्ही.

जाता जाता एक. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा एक मोठा सन्मान आहे. १९११ सालचा तो मिळाला जॉर्ज वेस्टिंगहाऊसला, १९१२ चा विल्यम स्टॅनलीला आणि १९१६ चा निकोला टेस्लाला. त्या सन्मानाचं नाव, एडिसन मेडल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर चार्जर काढताना हात कोरडे ठेवा, एसी काय किंवा डीसी काय!